वाचक विचारतात : काळ्या पाण्यावर गेलेल्या पूर्वजाचा माग

प्रश्न : आमच्या खापरपणजोबांना 1870 च्या आसपास दरोड्याच्या खटल्यात काळ्या पाण्याची शिक्षा झाली, असं घरात सांगतात. नाव राघो, वडील गोविंद, गाव पनवेल तालुक्यात. ठाण्याच्या तुरुंगात चौकशी करावी की थेट अंदमानला पत्र टाकावं?
– एक वाचक, खारघर

उत्तर : आधी दोन्हीकडे नको. ठाण्याचा तुरुंग हा मधला मुक्काम. चलान, म्हणजे काळ्या पाण्यावर पाठवायच्या कैद्यांची तुकडी, निघेपर्यंत बाहेरच्या जिल्ह्यांतले कैदीही तिथे ठेवत. सावरकरांनाही 1911 साली तिथूनच रेल्वेने मद्रासला आणि पुढे बोटीने नेलं. अंदमानातली जुनी दप्तरं जपानी अंमलात बरीचशी नष्ट झाली.

सुरुवात खटल्यापासून करा. दंडविधान 1 जानेवारी 1862 पासून लागू झालं, त्यामुळे तुमच्या गुन्ह्याचं कलम 395, खून झाला असेल तर 396. कलम आणि साल घेऊन मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात जा आणि न्याय खात्याच्या त्या सालच्या बाडांची सूची मागा. सांगण्यातलं साल सहसा चुकतं. अलीकडची-पलीकडची पाच वर्षं धरा. जिल्हा मात्र ठाणेच बघा, आजचा रायगड किंवा त्याचंच जुनं नाव कुलाबा नव्हे. 1882 च्या गॅझेटिअरमध्येही पनवेल ठाणे जिल्ह्यातच आहे.

आडनावाने शोधणारे हमखास रिकाम्या हाताने परततात. नोंद असते ती ‘राघो बिन गोविंद’, म्हणजे गोविंदाचा मुलगा राघो, अशी, सोबत जात आणि गाव. तीही साहेबाच्या कानाला जशी ऐकू आली तशी: राघोचा रागू होतो, ठाण्याच्या इंग्रजी स्पेलिंगात दोन ‘एन’ येतात. वसईकरांनी तर जास्तच जपावं. वसईचं इंग्रजी नाव बासीन, आणि ब्रह्मदेशातही एक बासीन होतं.

दुसरं दप्तर दिल्लीत, राष्ट्रीय अभिलेखागारात: गृह खात्याची पोर्ट ब्लेअर शाखा. ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर त्याची सूची घरबसल्या चाळता येते. इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. ते फक्त शिक्षेचं साल बघतात. जन्मठेपेचा कैदीही वीस-पंचवीस वर्षांनी सुटू शकत असे, म्हणून 1890 ते 1895 च्या सुटकेच्या आणि अर्जांच्या फायली बघा. कैद्याचा क्रमांक सापडला तर लगेच टिपून घ्या. गळ्यातल्या लाकडी बिल्ल्यावर क्रमांक, कलम, शिक्षेची आणि सुटकेची तारीख असे. सरकारी कागदांत एकाच नावाचे दोघे वेगळे करायला त्या क्रमांकासारखा आधार नाही.

सेल्युलर जेलमधल्या नावांच्या पाट्या वाचायला विमानाचं तिकीट काढू नका. त्या राजकीय कैद्यांच्या आहेत, आणि ती इमारत पुरी झाली 1906 साली.

प्रश्न : आमच्याकडे हीच गोष्ट 1845 ची सांगतात. शोध तोच का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : नाही. अंदमानची वसाहत मार्च 1858 मध्ये सुरू झाली. त्याआधीचं ‘काळं पाणी’ म्हणजे सिंगापूर, पेनांग, मलाक्का. 1815 ते 1837 च्या दरम्यान मॉरिशससुद्धा. तुमच्या सालासाठी सिंगापूरकडचा भाग आधी धरा. मुंबईतली न्याय खात्याची बाडं तुम्हालाही लागतील. त्यांच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. मुंबईचं पान वाळवीने खाल्लेलं असेल तर तिथे विचारा. गावाकडचे कागद मोडी लिपीत निघतील, तेव्हा वाचणारा आधीच गाठून ठेवा.