विचारा बिनधास्त: भाचा पायलट नव्हता, मग इतकी वर्षं विमानात करत काय होता?

प्रश्न: नमस्कार, माझा भाचा न्यू जर्सीत जन्मला, तिथेच वाढला आणि कॉलेज झाल्यावर अमेरिकेच्या नेव्हीत गेला. छातीवर सोनेरी पंख लावलेला फोटो आला तेव्हा आम्ही अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले, पोरगा पायलट झाला म्हणून. आणि परवा व्हिडिओ कॉलवर म्हणतो कसा, "आत्या, मी पायलट व्हायला अर्ज केलाय." मग आजवर काय करत होता हा? नॉरफोकला आहे, हॉकआय नावाचं विमान आहे म्हणे. तिशी आली, आता परत शिकायला बसणं शहाणपणाचं आहे का? वहिनी नुसती टेन्शनमध्ये आहे.
— एक आत्या, डोंबिवली

उत्तर: ताई, पेढे वाया गेलेले नाहीत हो, ते आधी डोक्यातून काढा. तो फोटो मोबाईलवर झूम करून बघा, पंखांच्या मधोमध ढाल दिसेल आणि तिच्यामागे नांगर, म्हणजे बोटीचा. एकच उभा नांगर असेल तर पायलट, दोन नांगर एकमेकांवर आडवेतिडवे असतील तर नेव्हल फ्लाइट ऑफिसर, म्हणजे एनएफओ. तुमच्या फोटोत दोन असणार. हे पदनाम १९६५ पासूनचं आहे आणि ते पंख काही फुकट मिळत नाहीत, फ्लोरिडातल्या पेन्साकोलाला ट्रेनिंग होतं, त्यात गळणारे गळतात.

आता हॉकआय म्हणजे पाठीवर ती भलीमोठी गोल थाळी घेऊन फिरणारं दोन पंख्यांचं विमान, ती थाळी चोवीस फुटांची असते आणि आत रडार. पुढे दोन पायलट, मागे तिघं एनएफओ, स्क्रीनसमोर आडवे बसलेले. आकाशात कोण कुठे आहे, आपलं कोण, परकं कोण, कुठल्या फायटरने कुठे वळायचं हे सगळं मागून हेच सांगतात, पायलट बिचारा त्यांना तिथवर नेऊन आणतो. थोडक्यात तुमचा भाचा कोणाच्या हाताखालचा मदतनीस नाही, वेगळ्या कामाचा ऑफिसर आहे. फक्त बोटीवर, म्हणजे विमानवाहू जहाजावर, उतरताना त्याला पुढचं काहीही दिसत नाही, तार हुकात अडकून जो हिसका बसतो त्यावरून कळायचं की पोचलो. वर्षानुवर्षं असं दुसऱ्याच्या हातावर भरवसा ठेवून उतरल्यावर माणसाला वाटणारच ना की एकदा ती स्टिक माझ्या हातात द्या.

बरेच जण एनएफओ होतात ते चष्म्यामुळे. पूर्वी डोळे जरा कमी असले की पायलटचा दरवाजा बंद, एनएफओला मात्र सूट असायची. नंतर डोळ्यांच्या लेसर ऑपरेशनला नेव्हीने मान्यता दिली आणि कित्येकांचं जुनं स्वप्न परत जागं झालं, त्यावरच्या अभ्यासात पुढे असलेले डॉक्टर स्टीव्हन शालहॉर्न स्वतः आधी नेव्हीचे फायटर पायलट होते, ही एक गंमतच. तुमच्या भाच्याचं कारण हेच असेल असं नाही, त्यालाच विचारा.

शहाणपणाचं आहे का, तर ते तो कशासाठी जातोय त्यावर आहे. प्रमोशनसाठी जात असेल तर कशाला, एनएफओ स्क्वॉड्रनचा कमांडर होतो आणि तिथल्या कायद्याप्रमाणे विमानवाहू जहाजाचा कॅप्टन व्हायला नेव्हीचा पायलट किंवा एनएफओ, दोन्ही चालतात. नोकरी जाईल या भीतीने म्हणाल तर तेही हॉकआयला लागू नाही. ती भीती मरीन कॉर्प्सवाल्यांची खरी होती, त्यांचं प्राऊलर चार जणांचं विमान, त्यात पायलट सोडून तिघं असे ऑफिसर, ते २०१९ मध्ये निवृत्त झालं आणि नवीन एफ-३५ मध्ये सीटच एक, मग त्या तिघांनी जायचं कुठे? हॉकआयच्या नव्या डी मॉडेलमध्ये मागच्या तीन खुर्च्या आहेत तशाच आहेत.

एअरलाइनसाठी असेल तर मात्र हिशोब बसतो. एनएफओचे हजारो तास पायलटचे तास म्हणून धरत नाहीत. मिलिटरी पायलटला मात्र तिकडे १,५०० ऐवजी ७५० तासांवर एअरलाइनमध्ये को-पायलट होण्यापुरतं लायसन्स मिळू शकतं.

पण किंमतही ऐका. आधी सिलेक्शन बोर्ड, जागा मोजक्याच. निवड झाली की परत टी-६ या छोट्या ट्रेनर विमानापासून सुरुवात, शेजारी नुकते कॉलेजातून आलेले बावीस-तेवीस वर्षांचे पोरगे, आणि हा सिनियर लेफ्टनंट त्यांच्यासोबत चेकलिस्ट घोकतोय. रेडिओ, नेव्हिगेशन, क्रूमध्ये बोलायची पद्धत यात तो त्यांच्या खूप पुढे असेल, हाताने विमान सरळ धरण्यात मात्र सगळे सारखेच. त्यात हॉकआय बोटीवर उतरवणं कुप्रसिद्ध, पंखांची लांबी साधारण ऐंशी फूट, मधल्या रेषेवरून जरा सरकून चालत नाही. नवे पंख मिळाले की नोकरीचा बाँड नव्याने, तो वर्षांतच मोजतात, जेट पायलटला तर आठ वर्षं. म्हणजे चाळिशी नेव्हीतच. मधल्या काळात त्याच्या बॅचचे लोक पुढच्या पदावर गेलेले असतील.

माझं मत विचाराल तर वहिनींना सांगा, अडवू नका, फक्त बाँडची वर्षं आणि प्रमोशनचं वेळापत्रक त्याने कागदावर मांडलंय का एवढं विचारा. आणि सोसायटीत परत पेढे वाटायचे असतील तर पंख मिळाल्यावर वाटा, अर्ज केल्यावर नको.

प्रश्न: मला इंडियन नेव्हीत पायलट व्हायचंय, पण ऑब्झर्व्हर म्हणून आधी घुसून नंतर बदलता येईल का?
— इंजिनियरिंगचा विद्यार्थी, सातारा

उत्तर: अरे, हा मागच्या दाराचा प्लॅन करू नकोस. आपल्याकडे ऑब्झर्व्हरला, म्हणजे वरच्या एनएफओसारखं काम करणाऱ्या ऑफिसरला, आता नेव्हल एअर ऑपरेशन्स ऑफिसर म्हणतात आणि पायलटची एन्ट्री जाहिरातीत वेगळी असते, वयाच्या आणि मेडिकलच्या अटी वेगळ्या. थेट पायलटलाच अर्ज कर, डोळ्यांच्या अटी आधी वाच. आणि ऑब्झर्व्हरला हलकं समजू नकोस, गोव्यात आयएनएस हंसा या नेव्हीच्या तळावर पी-८आय विमानं आहेत ना, त्यात पाणबुडी हुडकायचं डोकं त्यांचंच. नेव्हीत मुली आधी ऑब्झर्व्हर झाल्या, २००९ मध्ये कोचीला, आणि पहिली महिला पायलट २०१९ मध्ये. ते काम मनापासून आवडणार असेल तरच तो फॉर्म भर.