मुदत संपलेलं डोमेन आणि हर्रासातली बोली नेमकी कोणाची?

प्रश्न : सर, मी लातूरचा. दिवसा क्लासवर शिकवतो आणि संध्याकाळी मुदत संपलेली डोमेन नावं (मालकाने नूतनीकरण न केलेले वेबसाईटचे पत्ते) घेऊन विकायचं काम करायलोय, वर्ष झालं. परवा एका .कॉम नावावर १२ डॉलरवर मी एकटाच होतो. माझी कमाल बोली २०० टाकून ठेवली होती. शेवटच्या दहा मिनिटांत कोणीतरी आलं आणि नाव मला १९५ ला पडलं. मला हे लई खटकलंय. समोर खरंच माणूस होता का, हे कळायचं कसं?

उत्तर : भाऊ, आधी १९५ कसे झाले ते बघा. तुम्ही टाकलेले २०० ही प्रॉक्सी बोली, म्हणजे सिस्टीम तुमच्या वतीने बोलते पण दुसऱ्याच्या आकड्यापेक्षा एकच पायरी वर. पायरी ५ डॉलरची असेल तर समोरचा १९० पर्यंत गेला आणि तिथं थांबला. म्हणजे तुम्ही किती द्यायचे हे ठरवलं तुमच्या मागच्या माणसाने, तुम्ही नाही. आता तो माणूस खरा गिऱ्हाईक असेल तर काहीच वाईट नाही, हर्रास असाच चालतो. पण तो खोटा असेल तर १२ आणि १९५ मधला सगळा फरक तुमच्या खिशातून गेला, आणि स्क्रीनवर दोन्ही वेळा अगदी सारखंच दिसतं.

तुम्ही मोंढ्यात सोयाबीनचा सौदा बघितला असेल. ढिगाभोवती खरेदीदार उभे असतात, कोण बोललं ते चार लोकांना दिसतं, आडत्यालाही आणि माल आणणाऱ्या शेतकऱ्यालाही. आणि हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात आपल्या वाडवडलांनी रुमालाखाली बोटं दाबून ठरवलेले भावही बघितलेत, तिथं दलाल आणि गिऱ्हाईक दोघांशिवाय तिसऱ्याला आकडा कळत नव्हता. डोमेनचा हर्रास वरून मोंढ्यासारखा दिसतो, आकडा सगळ्यांना दिसतो, पण बोलणारा कोण हे बऱ्याच ठिकाणी रुमालाखालीच असतं. माझा सगळा आक्षेप एवढ्यावरच आहे. भाव उघडा आणि बोलणारा झाकलेला, ह्याला मी पारदर्शक म्हणत नाही.

आणि हा नुसता संशय नाही. स्नॅपनेम्स ह्या मोठ्या हर्रास कंपनीने २००९ मध्ये स्वतःच जाहीर केलं की त्यांचाच एक कर्मचारी 'हाल्वारेझ' नावाने २००५ पासून त्यांच्याच हर्रासात बोली लावत होता. त्यामुळे ज्यांना जास्त पैसे मोजावे लागले त्यांना फरकाचे पैसे व्याजासकट द्यायची तयारी कंपनीने दाखवली. ही चार वर्षं, आणि बोली लावणारे लोक सगळे धंद्यात मुरलेले, तरी हे उघड व्हायला इतका वेळ गेला. म्हणून तुमच्या १९५ वर लगेच आरोप करू नका पण डोळे झाकूनही बसू नका.

करायचं काय तर बोलीचा इतिहास जपून ठेवा, स्क्रीनशॉट काढा. बोली लावणाऱ्याचं टोपणनाव किंवा नंबर दिसत असेल तर वहीत लिहा, दहा-बारा हर्रासांत तेच नाव तुमच्या कमाल आकड्याच्या अगदी जवळ येऊन प्रत्येक वेळी हरत असेल तर कंपनीला लेखी विचारा. ज्या साईटवर टोपणनावही दाखवत नाहीत आणि इतिहास हर्रास संपल्यावर काढून टाकतात तिथं मोठी रक्कम लावूच नका. नेमबायो ह्या साईटवर तसल्या नावांचे जुने विक्रीभाव बघून कमाल आकडा आधी कागदावर लिहा, शेवटच्या पाच मिनिटांत वेळ वाढत जाते तेव्हा डोकं जाग्यावर राहत नाही.

एक गोष्ट माझ्यावर गेलेली सांगतो. काही वर्षांपूर्वी एका साईटवर मी ३४० डॉलरवर हरलो. तीन दिवसांनी मेल आला, की जिंकणाऱ्याने पैसे भरले नाहीत, तुम्ही तुमच्या ३४० ला घेता का? मी घेतलं. नंतर इतिहास नीट बघितला तर त्या न भरणाऱ्याला बाजूला काढलं की तिसऱ्याची शेवटची बोली होती फक्त ८५. माझे अडीचशेच्या आसपास डॉलर एका अशा माणसामुळे गेले ज्याने शेवटी एक रुपया भरला नाही. असा मेल तुम्हाला आला तर 'त्याच्या सगळ्या बोल्या काढून भाव परत मोजा' एवढं एक वाक्य लिहा. ते नाही म्हणाले तर सोडून द्या.

आणि हर्रासाचा आकडा म्हणजे बिल नाही बरं का. जिंकल्यावर बहुतेक ठिकाणी वर्षभराचं नूतनीकरण वरून लागतं, बँकेचा परदेशी चलनाचा मार्कअप, त्यावर जीएसटी, हे सगळं धरूनच कमाल ठरवायची. तुलनेसाठी सांगतो, .कॉम सांभाळणारी व्हेरिसाइन कंपनी रजिस्ट्रारकडून (म्हणजे आपल्याला नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीकडून) एका नावाचे वर्षाला जे घेते तो दर सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाला. ह्याच्या वरचं सगळं मधल्या लोकांचं आणि हर्रासाचं.

प्रश्न : आम्ही अंबाजोगाईजवळ केशर आंबा लावलाय, सहा वर्षांपासून आमची .कॉम साईट आहे, ऑर्डरी त्यावरच येतात. साईट ज्या पोराने बनवली तो पुण्याला गेला. आता साईट बंद पडली आणि आमचंच नाव हर्रासात दिसायलंय. आम्हीच बोली लावावी का? खूप टेन्शन आलंय.

उत्तर : ताई, बोली लावू नका! आधी त्या पोराला फोन करा, आत्ता, वाचता वाचता. नाव अजून हातचं गेलं नसण्याची शक्यता बरीच आहे.

.कॉमची मुदत संपली की रजिस्ट्रारकडे ० ते ४५ दिवसांची मुभा असते, प्रत्येक कंपनीचे दिवस वेगळे. आणि बऱ्याच कंपन्या ह्या मुभेतच नाव हर्रासात ठेवतात, म्हणजे हर्रास दिसायलाय म्हणजे नाव गेलं असं नाही, बऱ्याच ठिकाणी हर्रास चालू असतानाही जुना मालक पैसे भरून नाव परत घेऊ शकतो. तुम्ही स्वतःच बोली लावली तर तुमच्याच नावाचा भाव तुम्हीच वाढवता. मुभा संपून नाव डिलीटला गेलं तर पुढे ३० दिवसांचा रिडेम्पशन काळ असतो, त्यात परत मिळतं पण दंड जबर असतो, आणि शेवटचे ५ दिवस पेंडिंग डिलीट, तेव्हा कोणीच काही करू शकत नाही. मात्र हर्रासात कोणी पैसे भरून नाव आपल्याकडे घेतलं तर हे ३० दिवस तुमच्या वाट्याला येतच नाहीत, म्हणून घाई करा. आयकॅन ह्या डोमेनचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या लुकअप पानावर नाव टाकलं की कुठल्या टप्प्यावर आहे आणि रजिस्ट्रार कोण ते दिसेल.

आयकॅनच्या नियमाप्रमाणे मुदत संपायच्या साधारण महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि संपल्यावर ५ दिवसांच्या आत सूचना पाठवावी लागते. ती गेली असणार, पण त्या पोराच्या मेलवर. म्हणून नाव परत आलं की पहिलं काम, खातं आणि मेल तुमच्या स्वतःच्या नावावर करून घ्या. मराठवाड्यात मी बघितलेल्या दुकानदारांपैकी निम्म्यांचं डोमेन साईट बनवणाऱ्याच्याच नावावर असतं, हे बघून जीव तुटतो.

अजून एक, जे लोक विसरतात. बँक, जीएसटी पोर्टल, कुरिअर ह्यांच्याकडे त्या डोमेनवरचा मेल पत्ता दिलाय का? दिला असेल तर आजच बदला. नाव दुसऱ्याने घेतलं की तुमच्या पत्त्यावर येणारे मेल तो वाचू शकतो, पासवर्ड रीसेटचे सुद्धा.

कोर्टकचेरीसारखा रस्ता म्हणाल तर यूडीआरपी, म्हणजे डोमेनच्या भांडणासाठी पंचाकडे तक्रार करायची पद्धत आहे, पण त्यात तुमचा ट्रेडमार्क आणि समोरच्याचा वाईट हेतू दोन्ही दाखवावे लागतात आणि डब्ल्यूआयपीओ ह्या तक्रारी चालवणाऱ्या जागतिक संस्थेची एका पंचाची फीच १५०० डॉलर आहे. फोन स्वस्त पडतो.

प्रश्न : जुनं नाव घेतलं की न्यूज पोर्टल गूगलवर पटकन वर येतं, असं नांदेडला एकजण सांगतो. खरं का?

उत्तर : त्या भरवशावर घेऊ नका. मार्च २०२४ मध्ये गूगलने जुन्या नावाच्या पुण्याईवर फालतू मजकूर चढवणं स्पॅमच्या नियमात घातलंय. नाव चांगलं वाटलं तर वेबॅक मशीन ह्या साईटींची जुनी पानं जपणाऱ्या साईटवर आधी बघा तिथं काय चालायचं, जुगार किंवा बनावट औषधं निघाली तर हात लावू नका.

प्रश्न : हिंगोलीहून. हर्रास जिंकलो, पैसे भरले, आठ दिवसांनी पैसे परत आले, नाव नाही. फसवणूक आहे का?

उत्तर : बहुतेक नाही. जुन्या मालकाने मुदतीत नूतनीकरण केलं असणार, वर अंबाजोगाईच्या ताईंना जे करायला सांगितलं तेच. रक्कम पूर्ण आली का ते मात्र तपासा, डॉलरच्या दरातला फरक आणि बँकेचा मार्कअप बऱ्याचदा परत येत नाही.