वर्गात एक अंध मुलगा आहे, पी.टी.च्या तासाला त्याला कसं सामील करून घ्यावं?

तुमच्या सातवीतला हा मुलगा पी.टी.च्या तासाला झाडाखाली बसून सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळतो, हे वाचून वाईट वाटलं. मी क्रीडाशिक्षक आहे, म्हणून स्पष्टच सांगतो: त्याच्या एकट्यासाठी वेगळा खेळ शोधू नका. अख्ख्या वर्गाला गोलबॉल शिकवा.

दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी 1946 साली हा खेळ निघाला. 1976 पासून पॅरालिम्पिकमध्ये त्याला पदक आहे. मैदान 18 बाय 9 मीटर, म्हणजे व्हॉलीबॉलच्या कोर्टाएवढंच. दोन्हीकडे तीन-तीन गडी, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांवर पट्टी. घुंगरांचा चेंडू जमिनीलगत टाकायचा, समोरच्यांनी आवाजाच्या रोखाने आडवं पडून तो अडवायचा. आंधळी कोशिंबिरीत डोळे बांधलेल्याची फजिती बघण्यात मजा असते. इथे पट्टी सगळ्यांनाच, त्यामुळे कुणी कुणाला हसत नाही.

रेषेवर सुतळी ताणून वरून चिकटपट्टी लावा. बोटांना, तळपायाला उंचवटा लागतो आणि आपण कुठे उभे आहोत ते कळतं. घुंगरांचा चेंडू नसेल तर फुटबॉल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा, सरपटताना सळसळतो. खेळ चालू असताना बघणारी पोरं मात्र चिडीचूप. पोरांना हेच सगळ्यात जड जातं! पहिल्या दिवशी डोळस पोरं भलत्याच बाजूला झेपावतात. आवाजावरून अंदाज बांधायची तुमच्या मुलाला रोजची सवय आहे. चेंडू कुठून येतोय हे तोच इतरांना ओरडून सांगेल. वर्ग त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागतो तो इथे, भाषणं देऊन नाही.

फरशी असेल तर सतरंज्या अंथरा, गुडघ्यांना पॅड बांधा. काही डोळ्यांच्या आजारांत चेहऱ्याला धक्का लागणं धोक्याचं असतं, म्हणून आधी पालकांमार्फत डॉक्टरांना विचाराच.

मुख्याध्यापक कुरकुरले तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 16 दाखवा. खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने देणं त्यात शाळेवर बंधनकारक आहे. बाटल्या सांभाळायचं काम देऊन ती जबाबदारी टळत नाही.

आणि एक, सुरुवातीचे काही आठवडे संघ तुम्हीच पाडा. गडी वाटायचं काम पोरांवर सोडलंत तर तो शेवटीच उरेल.