कळपातल्या मावश्या आणि आज्या

प्रश्न : हत्तीचं पिल्लू कळपातल्या इतर माद्याही सांभाळतात, असं ऐकलं. मग आईच्या वाट्याला काय उरतं? आणि पिल्लू दूध सोंडेने पितं का?

उत्तर : दुधाचं आधी सांगते. सोंडेने नाही, तोंडाने. हत्तिणीचे स्तन पुढच्या दोन पायांच्या मध्ये असतात. पिल्लू सोंड वर उचलून बाजूला करतं आणि तोंड लावतं. सोंड वळवायची कशी, हे कळायला त्याला कित्येक महिने लागतात. तोवर ती नुसती लोंबकळते, पायांत येते. पाणीसुद्धा सुरुवातीला ते वाकून तोंडानेच पितं.

आईच्या वाट्याला पुष्कळ उरतं. जवळजवळ 22 महिने पोटात वाढवायचं, शंभर किलोच्या आसपास वजनाचं पिल्लू जन्माला घालायचं आणि मग काही वर्षं अंगावर पाजायचं. साधारण चार-पाच वर्षांनी पुढचं पिल्लू येतं. पहिली दोन वर्षं दुधाशिवाय निभत नाही. त्या वयात आई गेली, तर जंगलात पिल्लू सहसा वाचत नाही. मावश्या त्याला जवळ घेतात, पण पान्हा त्यांच्याकडे क्वचितच असतो.

दूध सोडून बाकी सगळ्याला मात्र मावश्या धावतात. केनियातल्या अंबोसेली राष्ट्रीय उद्यानात हत्तींच्या अभ्यासक सिंथिया मॉस यांनी 1972 पासून एकेका हत्तीला ओळखून नोंदी ठेवायला सुरुवात केली. फिलिस ली यांनी तिथेच पिल्लांचा अभ्यास केला. पिल्लू किंचाळलं की अजून आई न झालेल्या तरुण माद्या सर्वांत आधी पोचतात, आणि ज्या पिल्लांभोवती अशा माद्या जास्त, ती जास्त जगतात, असं त्यांना आढळलं. त्या माद्यांचीही यातून तयारी होते. पुढे स्वतःचं पिल्लू झालं की त्या गोंधळत नाहीत.

अंबोसेलीतलीच एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1990 साली एको या हत्तिणीला इली नावाचं पिल्लू झालं. त्याचे पुढचे पाय मुडपलेले होते, उभंच राहता येईना. कळप पुढे चरायला गेला. एको थांबली, आणि तिची मुलगी ईनिडही थांबली. पिल्लू गुडघ्यांवर सरकायचं, या दोघी त्याच्या चालीने चालायच्या. काही दिवसांत त्याचे पाय सरळ झाले. ईनिडवर थांबायची सक्ती कुणी केली होती? दूध द्यायला तर तिच्याकडे नव्हतंच.

प्रश्न : म्हाताऱ्या हत्तिणीचा कळपाला काय उपयोग?

उत्तर : पिल्लं जगतात, हा उपयोग. म्यानमारमधल्या लाकूड ओढणाऱ्या हत्तींच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी आहेत. त्यांवरचा अभ्यास 2016 मध्ये आला. वीस वर्षांच्या आतल्या आईजवळ तिची स्वतःची आई राहत असेल, तर नातवंड दगावण्याचा धोका सुमारे आठ पटींनी कमी होतो. हे हत्ती माणसाच्या ताब्यातले खरे, पण रात्री जंगलात मोकळे चरणारे.

पूर्ण रानटी हत्तींचा दाखला टांझानियाच्या तरंगिरे राष्ट्रीय उद्यानातला. 1993 मध्ये तिथे भीषण दुष्काळ पडला. नऊ महिन्यांत 81 पिल्लांपैकी 16 मेली. तिथले हत्ती तीन गटांत वागत होते. दोन गट उद्यानाबाहेर निघून गेले, त्यांची पिल्लं कमी दगावली. एक गट तिथेच राहिला, त्याची जास्त. अभ्यासकांनी मांडलेलं कारण मला पटतं : 1958 ते 1961 चा दुष्काळ पाहिलेली हत्तीण जाणाऱ्या गटांत असू शकत होती, राहिलेल्या गटात त्या वयाची एकही नव्हती. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या शिकारीत थोरल्या माद्या गेल्या होत्या, कारण वय वाढतं तसे सुळेही वाढतात. म्हणजे ज्या पिल्लांच्या आया धडधाकट होत्या, त्यांनाही पाण्याकडे नेणारं कुणी उरलं नव्हतं. शिकारीत मेलेल्या हत्तींची गणती करताना ही पिल्लं कुणी धरत नाही, आणि ती धरायलाच हवीत.