सिअ‍ॅटलसारख्या सौम्य, पावसाळी हवेत जूनमध्ये बागेत कोणती कामे करावीत?

तिथला जून ढगाळ आणि भुरभुर पावसाचा असला, तरी जुलै-ऑगस्ट बहुधा कोरडे जातात; म्हणून माती ओली आहे तोवरच तण उपटून कंपोस्टचा किंवा वाळलेल्या पानांचा ५ ते ७ सेंटीमीटर थर द्यावा, मात्र तो खोडाला टेकू देऊ नये. टोमॅटोची रोपे रात्रीचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या वर स्थिरावल्यावरच बाहेर लावावीत आणि पाणी बुंध्याशी द्यावे, कारण पाने ओली राहिली की करपा झपाट्याने पसरतो. घेवडा थेट वाफ्यात पेरता येतो.

खरा त्रास बिनशंखाच्या गोगलगायींचा असतो. सकाळी पानांवर चकचकीत, चिकट माग दिसला, तर त्याच रात्री बॅटरी घेऊन त्या वेचाव्यात आणि कोवळ्या रोपांभोवती गोगलगायी मारणारे आयर्न फॉस्फेटचे दाणे पसरावेत. मेटाल्डिहाइड हे गोगलगायींवरचे दुसरे विष कुत्र्यांना घातक असल्याने ते कृपया वापरूच नये.

ऱ्होडोडेंड्रॉन या फुलझुडपाचे सुकलेले गुच्छ बोटांनी अलगद मोडावेत, कारण त्यांच्या अगदी खालीच नव्या फुटव्याचे कोवळे डोळे असतात. त्याची छाटणीही फुले सरताच उरकावी. हिवाळ्यात केल्यास पुढच्या बहराच्या कळ्याच कापल्या जातात.