सोलर बोटीची टीम सोडू का?

पत्र : मी सांगली जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजची सोलर बोटीची टीम आहे. बोट आम्हीच बनवतोय, नदीत चाचण्या सुरू आहेत आणि सीनियर्सना पुढच्या वर्षी मोनॅकोच्या स्पर्धेला जायचंय. मी दीड वर्ष टीममध्ये आहे, पण माझ्याकडे स्पॉन्सरना मेल, इन्स्टाग्राम आणि टेक्निकल रिपोर्ट एवढंच येतं. मागच्या सेमिस्टरला एक विषय राहिला, सीजीपीए 7.1 वर आला. बाबा म्हणतात, टीम सोड आणि प्लेसमेंटच्या मागे लाग. सीनियर म्हणतात, एकदा मोनॅकोला जाऊन आलं की नोकरीची चिंता मिटली. मला आता बोटींचीच आवड लागलीय. नेव्हल आर्किटेक्चरमध्ये एमटेक करावं का? – सायली (नाव बदललं आहे)

प्रिय सायली,

टीम सोडू नकोस. टीममधलं तुझं सध्याचं काम मात्र निम्मं तरी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घाल. दीड वर्षात बोटीच्या एका वायरलाही तुझा हात लागला नसेल, तर बाबांना वाटणारी काळजी अगदीच अनाठायी नाही.

हे फक्त तुझ्याच कॉलेजात घडतं असं नाही. मुलगी टीममध्ये आली, तिचं लिहिणं-बोलणं नीटनेटकं आहे असं दिसलं, की फाइल आणि इन्स्टाग्राम तिच्याकडे जातं. मल्टिमीटर मुलांकडेच राहतो. कुणी मुद्दाम करत नाही, पण दोन वर्षांनी इंटरव्ह्यूत खुर्चीवर तू बसलेली असतेस आणि समोरचा विचारतो, "मोटर 48 व्होल्टचीच का घेतली?" तिथे "ते आमचे सीनियर बघायचे" हे उत्तर चालत नाही.

तरी रिपोर्ट लिहिण्याचं काम वाया गेलं असं समजू नकोस. अमेरिकेत 1994 पासून 'सोलर स्प्लॅश' ही कॉलेजच्या मुलांची सौर बोटींची स्पर्धा होते. त्यात 300 मीटरची स्प्रिंट असते, वळणावळणाची स्लॅलम असते, दोन तासांची एन्ड्युरन्स शर्यत असते आणि टेक्निकल रिपोर्टलाही वेगळे गुण असतात. परीक्षकांना हलचा (बोटीच्या मुख्य सांगाड्याचा) आकार, बॅटरीची निवड, प्रोपेलरचा हिशेब असं सगळं कारणांसकट कागदावर लागतं. तू असा रिपोर्ट लिहिला आहेस, म्हणजे टीममध्ये कोणता आकडा मोजलेला आहे आणि कोणता अंदाजपंचे लिहिलाय, हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. ज्या आकड्यासाठी चारदा मेसेज टाकूनही "लिही ना काहीतरी" असं उत्तर आलं, तेच काम तू मागून घे. माझा अंदाज असा, की तो आकडा ऊर्जेच्या हिशेबातला असेल. नव्या टीम्समध्ये हेच काम सर्वांत दुर्लक्षित असतं आणि ते नेमकं इलेक्ट्रिकलवाल्यांचं आहे.

ढोबळ हिशेब करून बघू. समज, तुमच्या बोटीवर 500 वॉटची पॅनेल्स आहेत. ती बोटीवर आडवी पडलेली असतात आणि एप्रिलच्या उन्हात 60 अंशांपर्यंत तापतात. 25 अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण 0.4 टक्के शक्ती कमी होते. म्हणजे ऐन दुपारीसुद्धा हातात 400-430 वॉट येतात, 500 नाही. आता बॅटरी. सोलर स्प्लॅशच्या नियमांत बरीच वर्षं लेड-अॅसिड बॅटरी आणि तीही 100 पौंडांपर्यंतच, म्हणजे साधारण 45 किलो, अशी मर्यादा होती. एवढ्या बॅटरीवर दीड युनिटच्या आसपास वीज छापलेली असते, पण तो आकडा सावकाश वीस तासांत रिकामी करण्याचा. दोन तासांत उपसायला गेलीस तर जेमतेम एक युनिट हाती लागतं. दोन तासांवर वाटलं तर बॅटरीचे 500 आणि पॅनेलचे 400, असे 900 वॉट. त्यातले कंट्रोलर, मोटर आणि प्रोपेलर यांच्यात निम्मे जातात, असं धरून चाल.

खरी गंमत पाण्यात सुरू होते. साध्या, पाणी कापत जाणाऱ्या बोटीला लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनात वाढते. समज, 900 वॉटवर बोट ताशी 8 किलोमीटर जाते. तिथून 10 वर जायचं म्हटलं तर ती जवळजवळ दुप्पट होते. 900 चे 1800 वॉट लागले, पॅनेल तर 400 च्या वर काही देत नाही, म्हणजे उरलेलं ओझं सगळं बॅटरीवर. ती पाऊण तासात झोपते. शिवाय सहा मीटरची बोट ताशी 11 किलोमीटरच्या आसपास पोचली की स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला लागते आणि तिथून पुढे कितीही वीज ओता, वेग फारसा हलत नाही. मोठ्या टीम्स हायड्रोफॉइल, म्हणजे पाण्याखालचे पंख, लावून बोट पाण्याबाहेर उचलतात ती याचसाठी. तुम्ही त्या फंदात इतक्यात पडू नका. आधी साधी बोट दोन तास न थांबता चालवून दाखवा.

मग ढग आला तर थ्रॉटल किती कमी करायचं? शेवटच्या अर्ध्या तासासाठी किती ठेवायचं? एन्ड्युरन्स शर्यत यातच जिंकतात किंवा हरतात आणि हे ठरवायला प्रत्येक चाचणीचा डेटा लागतो. पॅनेलचा करंट, बॅटरीचा व्होल्टेज, मोटरचा करंट आणि जीपीएसचा वेग, सगळं एकाच घड्याळावर नोंदणारा लॉगर तू बनव. मायक्रोकंट्रोलर, करंट सेन्सर आणि मेमरी कार्ड, एवढ्यावर भागतं. स्पॉन्सरला लिहायची सवय तुला आहेच, सेन्सर फुकट मिळव.

लॉगर लावलास की पहिल्याच चाचणीत असं काहीतरी दिसेल ज्याची टीमला कल्पनाही नव्हती. नेहमी सापडणारी गोष्ट म्हणजे चालवणाऱ्याची सावली. दुपारी साडेतीन-चारला बोट एका बाजूला वळली, की चालकाच्या खांद्याची सावली मागच्या पॅनेलवर पडते. झाकल्या जातात पाच-सहा सेल, पण सेल एकामागे एक जोडलेले असल्यामुळे त्या भागाचा करंटच आवळला जातो, बायपास डायोड तेवढा भाग वगळतो आणि पॅनेलचा एक तृतीयांश गेला म्हणून समज. पॅनेलमधून जास्तीत जास्त शक्ती काढणारा एमपीपीटी कंट्रोलर बिचारा नवा बिंदू शोधत बसतो. आलेखावर ही घसरण पायरीसारखी सरळ दिसते. बैठक वीस सेंटिमीटर पुढे सरकवली तर काय होतं, दोन पॅनेल्सना वेगळे एमपीपीटी दिले तर काय होतं, हे मोजून दाखव. तुमच्या नदीत जलपर्णी असेल तर मोटरच्या करंटमध्ये तीही दिसेल. प्रोपेलरला वेल गुंडाळला की करंट चढतो आणि वेग पडतो. चालकाला कळायच्या आधी लॉगरला कळतं.

असा एक आलेख, त्यातली एक अडचण आणि तू केलेला एक बदल, एवढं रिझ्युमेवर दोन ओळींत लिहिता येतं आणि त्यावर इंटरव्ह्यू वीस मिनिटं चालू शकतो. इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपन्या, बॅटरी मॅनेजमेंट, सोलर इन्व्हर्टर, यूपीएस, सगळीकडे हाच विषय आहे. बाबांना ही यादी दाखव. त्यांना बोट म्हणजे छंद वाटतोय आणि तू सांगितलंस त्यावरून आतापर्यंत त्यांना दुसरं काही वाटायचं कारणही नव्हतं.

आता राहिलेला विषय. यात माझ्याकडे काही चतुर सल्ला नाही. 7.1 वाईट नाही, पण बऱ्याच कंपन्या कॅम्पसला येताना 60 टक्क्यांची किंवा त्याच्या आसपासची अट आणि एकही बॅकलॉग नको, अशी अट घालतात. तिथे बोट कुणी विचारत नाही, नावच यादीत येत नाही. तो विषय येत्या परीक्षेत काढ. परीक्षेआधीचे तीन आठवडे वर्कशॉपकडे फिरकायचं नाही, हे कॅप्टनला आजच सांगून टाक.

मोनॅकोबद्दल. तिथल्या यॉट क्लबची 'एनर्जी बोट चॅलेंज' ही स्पर्धा सहसा जुलैच्या सुरुवातीला होते. त्यातल्या एनर्जी क्लासमध्ये सगळ्यांना कॅटामरानचे (जोड-हलच्या बोटीचे) सारखेच हल क्लबच देतो. चालकाची केबिन, ऊर्जेची योजना आणि मोटर-प्रोपेलर हे मुलांनी करायचं. आपल्याकडची मुलं तिथे पोचलेली आहेत. कोइंबतूरच्या कुमारगुरू कॉलेज ऑफ टेक्नॉलॉजीची 'सी शक्ती' टीम 2022 पासून तिथे उतरते आहे. तेव्हा सीनियर्सचं स्वप्न हवेतलं नाही. "जाऊन आलं की नोकरीची चिंता मिटली" हे मात्र साफ खोटं. विमानतळावरचा ग्रुप फोटो पाहून कुणी ऑफर लेटर देत नाही. वर जुलै म्हणजे तुझ्या चौथ्या वर्षाची सुरुवात आणि कॅम्पसच्या पहिल्या कंपन्या येण्याचा काळ. टीपीओ (प्लेसमेंट ऑफिसर) सरांना आधी भेटून तारखा विचारून ठेव.

आणखी एक गोष्ट, जी या स्वप्नात कुणीच धरत नाही. तुमची बॅटरी लिथियमची आणि घरी जोडलेली असेल, तर ती विमानानं पाठवताना धोकादायक माल ठरते आणि यूएन 38.3 या वाहतूक-सुरक्षा चाचणीचा दाखला मागितला जातो. वर्कशॉपमध्ये वेल्ड केलेल्या पॅकला तो नसतो. बाकीचं सामान स्पर्धेपुरतं बाहेर नेऊन परत आणायचं तर एटीए कार्नेट हा कस्टम्सचा कागद लागतो, भारतात तो फिक्की ही उद्योगसंघटना देते. हे आत्ता विचारलं नाही, तर बोट तयार आणि बॅटरी गोदामात अशी अवस्था होईल. कागदपत्रांचं काम निम्मं सोड म्हणालो, त्यातलं हे निम्मं ठेव. ते दुसरं कुणी करणार नाही.

नेव्हल आर्किटेक्चरचं मला घाईचं वाटतं. तो विषय मुळात हल, स्थिरता, पाण्याचा विरोध आणि रचनेचं बळ यांचा. तुला बोट आवडते की बोटीतली वीज आवडते, हे लॉगरचं काम चार महिने केल्यावर तुझं तुलाच कळेल. वीज आवडत असेल तर पॉवर इलेक्ट्रॉनिक्स किंवा ड्राइव्ह्जमध्ये एमटेक कर, बोटींच्या जगात त्याची गरज वाढते आहे. केरळात वैक्कम ते तवणक्कडवू ही 'आदित्य' नावाची सौर फेरी जानेवारी 2017 पासून चालते. 75 प्रवासी, 20 मीटरची कॅटामरान, छतावर 20 किलोवॉटची पॅनेल्स. अंतर छोटं, वेग बेताचा, थांबे ठरलेले, म्हणूनच तिथे सौर बोटीचं गणित जमलं. कोचीच्या ज्या नवआल्ट कंपनीनं ती बनवली, तिनंच पुढे मुंबईच्या माझगाव डॉकसाठी 'बॅराकुडा' ही वेगवान सौर-विद्युत बोट केली. कोची वॉटर मेट्रोच्या बॅटरीवर चालणाऱ्या बोटी कोचीन शिपयार्डनं बांधल्या. या कामांत हल काढणारे लागतात तसे बॅटरी, मोटर आणि चार्जिंग सांभाळणारेही लागतात.

हलच आवडतोय असं ठरलं, तर आयआयटी मद्रास आणि आयआयटी खरगपूर इथे ओशन इंजिनिअरिंगचे विभाग आहेत. गेटमध्ये 2022 पासून नेव्हल आर्किटेक्चर आणि मरीन इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपरही आहे. इलेक्ट्रिकलच्या पदवीवर कुठल्या शाखेत घेतात, हे त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाच, मित्रांच्या सांगण्यावर जाऊ नकोस. पुढे नोकरीसाठी माझगाव डॉक, वास्कोचं गोवा शिपयार्ड, पवईतलं जहाजं तपासून प्रमाणित करणारं इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही आपल्या जवळची नावं आहेत.

तुझ्या पत्रात नसलेला एक रस्ताही सांगून ठेवतो. इलेक्ट्रिकल पदवीधरांना डीजी शिपिंगची (केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाची) मान्यता असलेला काही महिन्यांचा ईटीओ कोर्स करून व्यापारी जहाजावर इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर होता येतं. पगार चांगला असतो, पण महिनोन्‌महिने घरापासून लांब राहावं लागतं आणि दृष्टीच्या अटी कडक आहेत. रंगांधळेपणाची तपासणी आधी करून घे, फी नंतर भर. फी घेऊन जहाजावर लावून देतो म्हणणाऱ्या एजंटांपासून मात्र चार हात लांब राहा.

नदीतल्या चाचण्यांबद्दल तू एकच ओळ लिहिली आहेस, त्यात लाइफ जॅकेटचा उल्लेख नाही. चालकाच्या मनगटाला दोरीनं बांधलेला, तो पडला की मोटर बंद करणारा किल स्विच, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, हाताला येईल असा, वीज तोडणारा डीसी आयसोलेटर, काठावर अग्निशामक, सोबत वल्ह्याची दुसरी नाव आणि पट्टीचा पोहणारा माणूस, आणि पाण्यात उतरण्याची लेखी परवानगी. सांगलीकरांना होड्यांच्या शर्यती नव्या नाहीत, त्यामुळे नदीची नस ओळखणारे नावाडी तुम्हाला गावातच मिळतील. त्यांना दिवसाचे पैसे द्या आणि ती रक्कम स्पॉन्सरच्या पुढच्या मेलमध्ये पहिल्या ओळीत माग.