जुन्या कुंगफू पिक्चरचं म्युझिक शोधतोयस ना, मग हे वाच

टायटलमधल्या संगीतकाराच्या नावावर लगेच विसंबू नकोस, ७० च्या दशकातल्या हाँगकाँगच्या पिक्चरमध्ये बऱ्याचदा त्या माणसाने ट्यून बनवलेलीच नसते, तयार रेकॉर्डमधले तुकडे निवडून लावलेले असतात. शॉ ब्रदर्स या तिथल्या फिल्म कंपनीवाल्यांनी लंडनच्या डी वुल्फ म्युझिक लायब्ररीचे (पिक्चरसाठी तयार म्युझिक पुरवणारी कंपनी) तुकडे भरपूर वापरलेत, १९०९ पासूनची कंपनी आहे ती, कॅटलॉग ऑनलाइन ऐकता येतो, तिथूनच सुरुवात कर. शझाम (ऐकून ट्यून ओळखणारं ॲप) लावणार असशील तर डायलॉग आणि मारामारीचे आवाज नसलेला भाग घे. आणि हो, इंग्लिश डबिंग करताना कधीकधी म्युझिकच बदलायचे, म्हणून मूळ मँडरिन (चिनी भाषेतली) प्रिंट मिळव आणि दोन्ही ताडून बघ. ट्यून सापडली की ती बनवणाऱ्याचं नाव नक्की लिहून ठेव, यातल्या बहुतेकांना पडद्यावर क्रेडिट मिळालेलंच नाहीये रे.